दुसरं मूल : हो म्हणायचा हक्क, नको म्हणायचा हक्क

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण, किंचित संक्षेप करून.)

आज मला दिलेला विषय आहे 'गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि त्यानंतरचं बाळंतपण'. हा तर डॉक्टरांचा विषय, समाजकार्य शिकलेली बाई यावर काय बोलणार, असं काहीजणींना वाटेल. रक्तदाब मोजणं, औषध देणं हे डॉक्टरांचंच काम आहे. पण बाई दवाखान्यातून घरी येते, बाळ वर्षा-दीड वर्षाचं होतं आणि हळदीकुंकवाला, बारशाला, पाणवठ्यावर तिला प्रश्न सुरू होतात : "आता दुसरं कधी?" त्या वेळी तिच्या शेजारी डॉक्टर नसतो. असलीच तर आपल्यापैकी कुणीतरी असते. म्हणून हा आपला विषय आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. डॉक्टर ज्याला प्री-एक्लॅम्पशिया म्हणतात तो २० आठवड्यांनंतर, म्हणजे पाचव्या महिन्यानंतर दिसतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर जातो. बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनं जातात. काही वेळा यकृत, मूत्रपिंडं, मेंदू यांवर परिणाम होतो. वाढत गेला तर झटके येतात. आपल्याकडे झटके आलेल्या बाईला अजूनही आधी देवऋषीकडे नेलं जातं. बाळंतिणीचं डोकं ठणकायला लागलं तर 'वारा लागला' म्हणून कान बांधतात. लक्षात ठेवा, हा आजार बाळंतपणानंतरही पहिल्या काही आठवड्यांत उद्भवू शकतो. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायचा. पोटातलं दुखणं 'ॲसिडिटी' म्हणून घरी काढायचं नाही.

या आजाराचं मूळ वारेत असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत वार गर्भपिशवीत नीट रुजत नाही, तिला रक्तपुरवठा नीट होत नाही, आणि त्याचे परिणाम पुढे महिन्यांनी आईच्या रक्तवाहिन्यांवर दिसतात. ही माहिती मी मुद्दाम सांगते आहे. कारण प्रत्येक बाईला कुणी ना कुणी म्हणालेलं असतं, "तू फार टेन्शन घेतलंस", "नोकरी सोडली नाहीस", "मीठ खाल्लंस". कित्येकींना महिनोन्‌महिने अळणी जेवायला लावतात. मीठ तोडून हा आजार टळत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यासाठी मीठ तोडायला सांगितलेलं नाही. बाईने काही केलं म्हणून हा आजार होत नाही. दुसऱ्या मुलाचा विचार करायला बसायचं तर आधी हा अपराधाचा दगड छातीवरून उतरवावा लागतो.

मी हे पुस्तकातलं बोलत नाही. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. तिच्या वेळी ३३व्या आठवड्यात माझा रक्तदाब १७०/११० झाला, रातोरात सिझेरियन करावं लागलं. मुलगी दीड किलोची, १९ दिवस पेटीत होती. आम्ही दोघी वाचलो. आज मुलगी अंगणवाडी डोक्यावर घेते.

तेव्हापासून माझ्या घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात, "एकटं लेकरू वाईट. आमच्यामागे तिला कोण?" आई म्हणते, "पुन्हा नाव काढू नकोस, मी ती रात्र पाहिली आहे." दोघी मायेनेच बोलतात. पण दोघींच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी आहे : तुला काय वाटतं, हे कुणीच विचारत नाही. नवराही बरेच दिवस "तुम्ही बायका ठरवा" म्हणून बाजूला उभा होता. बाजूला उभं राहणं हाही एक प्रकारचा दबावच असतो, हे त्याला सांगावं लागलं.

वस्तीत काम करताना मला या दोन्ही पक्षांची माणसं भेटतात. एका ताईला पहिल्या खेपेला झटके आले होते, मुलगी झाली होती. दुसऱ्या वर्षी घरच्यांनी मुलगा हवा म्हणून पुन्हा दिवस राहायला भाग पाडलं. तिच्या 'नको'ला घरात किंमत नव्हती. दुसऱ्या एकीचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तिला मूल हवं होतं, मनापासून हवं होतं. पण सासर-माहेर, शेजारी आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या एक-दोन कार्यकर्त्यासुद्धा तिला म्हणत होत्या, "जीव वाचला हे काय कमी आहे? कशाला हवंय?" तिच्या 'हो'ला किंमत नव्हती.

मैत्रिणींनो, आपण 'माझं शरीर, माझा निर्णय' ही घोषणा वर्षानुवर्षं देतो आहोत. ती नको म्हणणाऱ्या बाईसाठी जितकी खरी, तितकीच हो म्हणणाऱ्या बाईसाठीही खरी असली पाहिजे. आणि निर्णय तिचा, असं नुसतं म्हणून भागत नाही. निर्णय घ्यायला हातात काहीतरी लागतं. माझ्या मते तीन गोष्टी लागतात : खरी माहिती, आदल्या बाळंतपणाचा कागद, आणि कुठल्याही उत्तराची शिक्षा होणार नाही याची खात्री.

माहिती अशी. पहिल्या वेळी हा आजार झालेल्या बायकांपैकी साधारण सहा जणींत एकीला तो पुढच्या खेपेला पुन्हा होतो. पहिलं बाळंतपण ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान करावं लागलं असेल तर चौघींत एकीला, २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान करावं लागलं असेल तर तिघींत एकीला. हे आकडे ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतले आहेत. म्हणजे मी त्या तिघींतली. सासूबाईंना हा आकडा सांगितला तर त्या म्हणाल्या, "म्हणजे दोघींना काही होत नाही." आई म्हणाली, "म्हणजे एकीला होतं." आकडा एकच. त्याचं काय करायचं, हे ज्या बाईला ती नऊ महिने काढायची आहेत तिनेच ठरवायचं.

आणखी एक. आकडा सारखा असला तरी त्याची किंमत सगळीकडे सारखी नसते. पुण्यात दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहणारी बाई आणि धडगावच्या किंवा भामरागडच्या पाड्यावर पावसाळ्यात नदीपलीकडे अडकलेली बाई, दोघींचा धोका कागदावर एकच. म्हणून आपण बाईशी बोलताना आजाराइतकंच रस्ता, गाडी, पैसे, आणि घरच्या लेकराला कोण सांभाळणार, यावरही बोललं पाहिजे.

आता कागद. माझ्या डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं : सिझेरियन, अपुऱ्या दिवसांचं बाळ. रक्तदाबाचा उल्लेखही नाही. मी शिकलेली, भांडून सगळी केसची कागदपत्रं मागून घेतली. ज्या बाईला हे माहीत नाही ती पुढच्या डॉक्टरला काय दाखवणार? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. कागद माहेरच्या ट्रंकेत, किंवा कुठेच नाहीत. कायद्याची बाजू लक्षात ठेवा. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यावी लागतात. पण डॉक्टरांवर ती जपून ठेवण्याचं बंधन फक्त तीन वर्षांचं आहे. दुसऱ्या मुलाचा विचार चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू झाला तर उशीर झालेला असू शकतो. म्हणून बाळंतपण होताच अर्ज करायचा. किती आठवडे झाले होते, रक्तदाब कितीवर गेला, झटके आले का, लघवी-रक्ताचे रिपोर्ट, बाळाचं वजन, एवढं त्यात हवं.

कागद घेऊन दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांना भेटायचं. रक्तदाब, लघवी, मूत्रपिंडाची रक्ततपासणी, साखर बघून घ्यायची. आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे विशेष महत्त्वाचं. कारण टेल्मिसार्टन, एनालाप्रिल यांसारखी नेहमी दिली जाणारी औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात, ती आधीच बदलून घ्यावी लागतात. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर हवं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बाळंतपणानंतर निदान दोन वर्षांनी पुढचे दिवस राहावेत.

दिवस राहिल्यावर, पूर्वी हा आजार झालेल्या बाईला डॉक्टर अॅस्पिरिनची कमी मात्रेची गोळी देतात. ती १२व्या आठवड्यापासून, निदान १६व्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोग होतो. ही गोळी आजार पूर्ण टाळेल असं नाही. पण धोका, विशेषतः दिवस भरण्याआधी होणाऱ्या आजाराचा धोका, निश्चित कमी करते. ती मनाने घ्यायची नाही, पण मागायला लाजायचंही नाही. इथे आपल्या एका रूढीशी गाठ पडते. 'तीन महिने कुणाला सांगायचं नाही, नजर लागते' म्हणून बाई नाव नोंदवायला चौथ्या-पाचव्या महिन्यात येते, आणि गोळीची वेळ निघून जाते. पाळी चुकली की आशाताईला सांगायचं, बाकी कुणाला सांगायचं नसेल तर नका सांगू.

कॅल्शियमची गोळीही महत्त्वाची. आपल्या आहारात कॅल्शियम कमी असतं तिथे ती या आजाराचा धोका कमी करते. सरकारच्या २०१४च्या सूचनांनुसार १४व्या आठवड्यापासून रोज दोन गोळ्या मिळाल्या पाहिजेत, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. जेवणाबरोबर घ्यायच्या, लोहाच्या गोळीबरोबर एकदम नाही. केंद्रावर 'साठा नाही' असं उत्तर मिळालं तर ते उत्तर लेखी मागा. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते; आपल्या गटाने धोक्याच्या बाळंतपणाच्या बायकांना त्या दिवशी सोबत नेलं पाहिजे.

हे झालं हो म्हणणारीसाठी. नको म्हणणारीसाठीही व्यवस्था हवी. ज्यांचा रक्तदाब चढा राहिला आहे त्यांना माला-एनसारख्या, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालत नाहीत; तांबी चालते, निरोध चालतो. आणि नसबंदी पुरुषानेही करायची असते! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. ज्यांच्या नवऱ्यांनी नसबंदी केली होती त्यांचं प्रमाण ०.३ टक्के. ज्या बाईने मूल जन्माला घालताना जीव धोक्यात घातला, तिच्याच पोटावर पुन्हा सुरी. नको असताना दिवस राहिलेच, तर १९७१चा गर्भपाताचा कायदा तिच्या बाजूने आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही; दवाखाना मागत असेल तर त्याला हे सांगा.

माझा स्वतःचा निर्णय काय, असं तुम्ही विचाराल. मी घेतला आहे, नवऱ्याबरोबर बसून, कागद समोर ठेवून. पण तो मी इथे सांगणार नाही. माझ्या उत्तरावरून इथल्या कुणी आपलं उत्तर ठरवावं अशी माझी इच्छा नाही.

शेवटी एक गोष्ट, जी दुसरं मूल हवं असलेल्या आणि नको असलेल्या दोघींसाठी आहे. ज्या बाईला हा आजार झाला, तिला पुढच्या आयुष्यात रक्तदाबाचा विकार जडण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा तीन-चार पट, आणि हृदयविकाराची व पक्षाघाताची सुमारे दुप्पट असते. बाळंतपण संपलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, बाईच्या दंडाला पट्टा पुन्हा कुणी बांधत नाही. बाळाच्या लशींची तारीख घरात पाठ असते. तिच्या तपासणीची तारीखच नसते. वर्षातून एकदा तरी तिचा रक्तदाब, साखर बघितली गेली पाहिजे, मग तिला एक मूल असो, तीन असोत, की एकही नसो. तिची तपासणी ती कुणाची आई होणार आहे म्हणून करायची नाही. ती आहे म्हणून करायची.

तेव्हा गावी परतल्यावर प्रत्येक गटाने एक काम करावं. मागच्या तीन वर्षांत ज्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढला, झटके आले, बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं किंवा गेलं, अशा बायकांची यादी करा. त्यांच्या घरी जा. कागद आहेत का बघा, नसतील तर अर्ज लिहून द्या. रक्तदाब मोजायला सोबत न्या. मग, सासू आणि नवरा समोर नसताना, एकच प्रश्न विचारा : "बाई, तुला काय हवंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कित्येकींना हे कुणी पहिल्यांदाच विचारलेलं असेल, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागेल.