आगीचा बंब येईपर्यंत

गांधीबाग हा नागपूरच्या कापडव्यापाराचा गाभा आहे. छतापर्यंत रचलेलीं ठाणें, दुकानांच्या माथ्यावर राहतीं घरें, आणि इतवारी-महालाकडे निघालेल्या अरुंद गल्ल्या, अशी ही वस्ती. येथें एखादी ठिणगी पडली, तर आगीचा बंब किती लवकर पोहोंचेल, ही चिंता प्रथम मनांत येते. ती रास्तच आहे. परंतु तिच्याआधीं दुसरा एक प्रश्न उभा राहतो. बंब येईपर्यंत तेथें कोण असतें, आणि जें कोणी असतें तें काय करतें? आग विझविण्याच्या कलेचा बराचसा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे.

नागपूरला या प्रश्नाची ओळख फार पूर्वीं पटली. महालांतील भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडांत बांधलेला आणि विपुल लाकडी नक्षीकामानें सजविलेला होता. १८६४ सालीं तो जळाला, आणि नगारखान्याचा मोठा दरवाजा तेवढा मागें राहिला. दगडाची भिंत आगीला अडवूं शकते, पण तिच्या आंतील तुळया, खांब व कोरीव महिरपी आगीचें भक्ष्यच असतात. योगायोग असा कीं, त्याच १८६४ सालीं नागपुरांत नगरपालिका स्थापन झाली. आपल्या गांवाचें रक्षण हें राजाचें किंवा दैवाचें काम नसून नागरिकांचें काम आहे, ही कल्पना त्या संस्थेबरोबर हळूहळू रुजूं लागली.

परदेशांत ही कल्पना याहून जुनी होती. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं बेंजामिन फ्रँकलिन यानें १७३६ सालीं शेजाऱ्यांना एकत्र करून आग विझविणारें एक मंडळ काढलें. प्रत्येक सभासदानें चामड्याच्या बादल्या आणि सामान बाहेर काढण्यासाठीं पिशव्या आपल्या घरीं तयार ठेवाव्या, असा त्याचा नियम होता. पगार कोणालाच नव्हता. मात्र काम आधींच वांटून दिलेलें होतें. आपल्याकडील गांवांतहि विहिरीपासून जळत्या घरापर्यंत माणसांची रांग लागे आणि घागरी हातोहात पुढें जात. उणीव धैर्याची नव्हती; ती पूर्वतयारीची होती. मुंबईसारख्या शहरींदेखील हें काम प्रथम पोलिसांकडेच असे; तेथें स्वतंत्र दल १८८७ सालीं अस्तित्वांत आलें.

यंत्राचें साह्य नागपूरला आपल्याच गिरणींत पाहावयास मिळालें. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली. पुढें त्यांनीं तेथें छताखालीं पाण्याचे नळ फिरवून आपोआप उडणारे फवारे बसविले. हिंदुस्थानांत असे फवारे बसविणाऱ्या अगदीं पहिल्या गिरण्यांत तिची गणना होते. उष्णता वाढली कीं तोटीवरचा धातूचा डांक वितळावा आणि पाणी सुटावें, अशी ती योजना. ती गिरणी आतां बंद झाली आहे, पण तिनें शिकविलेलें तत्त्व जुनें झालेलें नाहीं: आग लहान असतांनाच तिच्यावर पाणी पडलें पाहिजे.

हा अवधी हातचा गेला म्हणजे काय होतें, तें १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत दिसलें. 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापसाच्या गांठी आणि दारूगोळा एकाच वेळीं लादलेला होता. दुपारीं कापसांतून धूर निघूं लागला. गांठीच्या पोटांत शिरलेली आग वरवरच्या पाण्यानें विझत नाहीं. ती आंतल्या आंत धुमसत राहते. बंबवाले जहाजांत पाणी सोडीत असतांनाच चार वाजून गेल्यावर प्रचंड स्फोट झाला. ६६ अग्निशामक कर्तव्यावर असतां मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कापूस आणि कापड यांवर जगणाऱ्या नागपूरकरांनीं तर त्याची आठवण विशेष ठेवावयास हवी.

स्वातंत्र्यानंतर या विद्येचें शिक्षण देण्याचें कार्य नागपूरकडेच आलें. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ सालीं रामपूर येथें निघालें आणि १९५७ सालीं नागपुरांत आलें. त्याच वर्षीं येथें आपत्कालीन मदतीचें शिक्षण देणारी एक मध्यवर्ती संस्थाहि स्थापन झाली. तिला १९६८ सालीं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय असें नांव मिळालें. नागरी संरक्षणाचा कायदाहि १९६८ चाच. त्यानें नोकरदार, दुकानदार व विद्यार्थी यांना स्वयंसेवक म्हणून शिक्षण घेऊन संकटसमयीं उभें राहण्याचा मार्ग खुला केला. फिलाडेल्फियाच्या बादलीचेंच हें आधुनिक रूप होय.

गांधीबागेला लागूनच गंजीपेठेंत अग्निशमन केंद्र उभें राहिलें. तरीहि शेजाऱ्याचें कर्तव्य संपलें नाहीं. रस्त्यांत आडव्या लावलेल्या गाड्या, जिन्यांत रचलेल्या गांठी आणि बघ्यांची दाटी यांच्यापुढें उत्तमांतला उत्तम बंबहि हतबल होतो. आगीच्या हांकेला गर्दी सर्वत्र धांवून येते. पण धांवून येणें म्हणजे मदत करणें नव्हे. एकानें १०१ वर वर्दी द्यावी, दुसऱ्यानें विजेचा मुख्य खटका बंद करावा, तिसऱ्यानें वरच्या मजल्यावरील म्हातारीं-कोतारीं व मुलें खालीं आणावीं, चौथ्यानें गल्लीच्या तोंडाशीं उभें राहून बंबाला वाट करून द्यावी. जळत्या तेलावर पाणी ओतूं नये, भांडें झांकावें, एवढें ज्ञान तर प्रत्येक स्वयंपाकघरांत असावें.

हीं कामें आगीच्या वेळीं वांटतां येत नाहींत. तीं शांततेच्या दिवसांत वांटून ठेवावीं लागतात. ज्या गल्लीनें आपला जिना मोकळा ठेवला आणि आपले चार हुषार तरुण आधींच नेमून ठेवले, त्या गल्लीचा बंब निम्म्या वाटेवर येऊन पोहोंचला, असें समजण्यास हरकत नाहीं.