रक्ताचे गोठणे आणि रोजची एक गोळी
(ज्ञातिसभेच्या मूर्तिजापूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या सेवानिवृत्त शिक्षकाने औषधांविषयी बोलावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. डॉक्टरांचे आसन घेण्याची आमची इच्छा नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील काही घरांत ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ रोज घेतली जाते, आणि तिच्याविषयीच्या अज्ञानाचे मोल आमच्याच घराने दिले आहे. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

मुळात हे नावच फसवे आहे. ताकात पाणी घातले म्हणजे ताक पातळ होते, तसे या गोळीने रक्त होत नाही. दुधास विरजण लागून दही होते, त्या विरजणास आवरून धरण्याचे काम ती करते. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे द्रव्य विरघळलेले असते. जखम झाली की थ्रॉम्बिन हे द्रव्य तयार होऊन त्याचे तंतू बनवते. त्या जाळ्यात रक्तकण अडकतात व गाठ बनते. ही व्यवस्था नसती तर विळ्यावर कापलेल्या बोटानेही प्राण गेले असते. पण हीच गाठ न कापलेल्या रक्तवाहिनीत बनली तर? लहानपणी घसा धरून सांधे सुजण्याचा ताप येऊन गेला आणि त्याने हृदयाची झडप आकसली, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरू लागतो. डोहातील पाण्यासारखे रक्त तेथे साचते व गोठते. ती गाठ सुटून मेंदूत गेली म्हणजे अर्धांगवायू होतो. पायाच्या शिरेतली गाठ फुप्फुसात जाते.

आपले यकृत थ्रॉम्बिनचे पूर्वद्रव्य ‘के’ जीवनसत्त्वाच्या साह्याने बनवते. वापरलेले ‘के’ जीवनसत्त्व पुन्हा कामास येऊ न देणे, हे वॉरफॅरिन किंवा असेनोकुमॅरॉल या गोळ्यांचे कार्य. म्हणूनच त्यांचा गुण यावयास काही दिवस लागतात. इस्पितळात तातडीने टोचतात ते हेपारिन निराळे. ते तत्काळ काम करते. यांपैकी कोणतेही औषध झालेली गाठ विरघळवीत नाही. गाठ वाढू न देणे व नवी होऊ न देणे, एवढेच ते करते. ती हळूहळू विरघळवण्याचे काम शरीराचे.

या गोळीचा जन्म गोठ्यात झाला, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. १९२०च्या सुमारास कॅनडा व अमेरिकेतील गुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. मेथीच्या कुळातील एक गोड वासाचा चारा भिजून बुरसला होता, तोच त्यांनी खाल्ला होता. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, तो चारा व दुधाच्या बरणीत न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने सहा वर्षे खपून त्या चाऱ्यातील विष वेगळे काढले. त्याचेच भावंड वॉरफॅरिन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी विक्रीस आले आणि १९५४ साली माणसांसाठी मान्य झाले. जे मात्रेत औषध तेच मात्रेबाहेर विष, ही गोष्ट इतकी उघड दुसऱ्या औषधात आम्हांस दिसली नाही.

आता घरची गोष्ट. आमच्या सौभाग्यवतींस झडपेच्या विकारासाठी ही गोळी चालू होती. दाढ काढावयाची होती, तेव्हा रक्त थांबणार नाही या भीतीने आम्हीच, डॉक्टरांस न विचारता, गोळी बंद केली. दाढ निघाली, रक्तही थांबले. पुढे घरात लग्नाची गडबड; गोळी पुन्हा सुरू करण्याचे राहून गेले. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना व तोंडातून शब्द फुटेना. हात बराच सुधारला आहे. बोलणे मात्र अजून अडखळते. जन्मभर मुलांस ‘विचारल्यावाचून उत्तर लिहू नका’ म्हणून दटावणारे आम्ही! पुढे डॉक्टरांकडून कळले की तपासणीचा आकडा ठीक असेल तर पुष्कळदा गोळी न थांबवताही दाढ काढता येते.

तो आकडा म्हणजे आय. एन. आर. निरोगी माणसाचा सुमारे १, व ही गोळी घेणाऱ्याचा बहुधा २ ते ३ दरम्यान ठेवतात. कृत्रिम धातूची झडप असल्यास कित्येकदा थोडा वर. खाली गेला तर गाठीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे. मेथी, पालक यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर. त्या सोडावयाच्या नाहीत. परंतु आठवडाभर रोज मेथी आणि पुढे महिनाभर पान नाही, असे करू नये. कडक उपास, अंगदुखीच्या गोळ्या, झाडपाल्याची औषधे यांनीही आकडा हलतो. काळे शौच, लाल लघवी, डोक्यास मार लागणे, यांत उद्यावर ढकलू नये. आणि सुनांच्या बाबतीत संकोच नको: दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांस सांगावे, कारण ही गोळी गर्भास बाधू शकते.

वारंवार आय. एन. आर. तपासणी न लागणारी नवी औषधे आली आहेत व अनेकांस ती सोयीची आहेत. पण धातूच्या झडपेस ती चालत नाहीत. सांधेतापाने आकसलेल्या झडपेच्या रुग्णांत, २४ देशांतील साडेचार हजारांवर रुग्णांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या गोळीवर मृत्यू कमी आढळले. शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये, ती यासाठी.

खेड्यातील बाईस तपासणीसाठी अकोला किंवा अमरावती गाठणे म्हणजे एक दिवसाची मजुरी व सोबतीचा प्रश्न. सासऱ्याची तपासणी होते, सुनेची राहते, हे आम्ही पाहिले आहे. ज्ञातिनिधीतून गरजूंस प्रवासखर्च द्यावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवली होती. निधी शिष्यवृत्तीसाठी आहे, असे काहींचे म्हणणे पडले. ते चुकीचे नाही. परंतु ज्या घरची आई अंथरुणास खिळली, तेथील मुलीची शाळा प्रथम सुटते, हे शिक्षक या नात्याने आम्हांस ठाऊक आहे. सूचना पुन्हा मांडीत आहोत. तोवर ज्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी आम्हांस कळवावे. तारीख, आकडा व मात्रा लिहिण्याची वही आम्ही आखून देऊ, आणि ज्यांस सोबत नाही त्यांच्याबरोबर अकोल्यास येऊ. सौभाग्यवतींस घेऊन आमचे जाणे दरमहा होतेच.