पिकअपच्या हौद्याला फवारणीचे अस्तर : निवड कशी करावी?

(जव्हार व मोखाडा तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



पीक, खत, रोग-किडी यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज मात्र शेतातून बाजारापर्यंत माल पोहोचवणाऱ्या गाडीविषयी बोलणार आहे. जव्हार, मोखाडा भागात मोगरा, काजू, आंबा, भाजीपाला यांची लागवड वाढली, तशा गावोगाव पिकअप गाड्या आल्या. पहाटे खुडलेला मोगरा दादरच्या बाजारात वेळेवर पोहोचला तरच भाव मिळतो. भाजी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने नाशिकला जाते. ज्याच्या दारात गाडी आहे, त्याच्यावर शेजारच्या चार शेतकऱ्यांचा माल अवलंबून असतो. बहुतेक गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात. हप्ते फिटण्याआधीच हौद्याचा पत्रा सडला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही.

पत्रा का सडतो?

आपल्या डोंगराळ पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने हौदा ओलाच राहतो. आपण त्यात एक दिवस मुरूम-दगड भरतो, दुसऱ्या दिवशी शेणखत, तिसऱ्या दिवशी युरिया किंवा पोटॅशची पोती. दगडाने रंग खरवडला जातो आणि उघड्या पत्र्यावर खताचे कण पडतात. खत हवेतील ओल ओढून घेते आणि त्याचे खारट पाणी पत्रा खाते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, ते लोखंडाला विशेष घातक. सुकटीच्या पोत्यातून गळणारे मिठाचे पाणीही तसेच. म्हणून केवळ रंग देऊन भागत नाही. दगडाचा मार सोसणारे आणि पाणी आत न जाऊ देणारे जाड आवरण लागते.

अस्तराचे प्रकार

पहिला प्रकार सुट्या रबरी मॅटचा. गोठ्यात अंथरतो तशी ही मॅट स्वस्त असते आणि काढून धुता येते. फक्त फुले, भाजी, क्रेट वाहणाऱ्यास ती पुरेशी आहे. मात्र पावसाळ्यात दर आठवड्याला ती उचलून खालचा पत्रा कोरडा करावा लागतो.

दुसरा प्रकार प्लास्टिकच्या तयार साच्याचा. तो हौद्यात नुसता बसवतात. त्याच्या खाली पाणी आणि माती अडकते. गाडी हादरली की तो रंगावर घासतो आणि आतून गंज चढतो, तो वरून दिसत नाही. ओला असता त्यावर पोती घसरतात.

तिसरा प्रकार चौकटीच्या नक्षीच्या लोखंडी पत्र्याचा. मार सोसण्यास तो उत्तम, पण जड. ४४ चौरस फूट तळाला ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे ९५ किलो भरतो. तेवढा माल कमी भरावा लागतो. शिवाय दोन पत्र्यांमध्ये ओल साठते.

चौथा प्रकार फवारून दिलेल्या अस्तराचा. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून पिकअप गाड्यांना ते देतात. हे अस्तर पत्र्यालाच चिकटते, त्यामुळे नीट काम झाले तर खाली पाणी शिरण्यास जागाच राहत नाही. पृष्ठभाग खरखरीत असल्याने माल सरकत नाही.

पॉलियुरिया की पॉलियुरेथेन?

दोन्ही रसायने दोन भागांत येतात. ते भाग एकत्र आले की घट्ट होतात. पॉलियुरिया काही सेकंदांत आवळते, म्हणून ते तापवून, मोठ्या दाबाच्या यंत्रानेच फवारावे लागते. दमट हवेचा त्याला त्रास कमी होतो. पॉलियुरेथेन सावकाश आवळते. त्या वेळात हवेतील किंवा पत्र्यावरील ओल मिळाली तर आत वायू तयार होऊन बुडबुडे येतात. आपल्या हवेचा विचार करता, जड माल वाहणाऱ्याने यंत्राने दिलेले पॉलियुरिया किंवा दोहोंचे मिश्रण पसंत करावे.

उन्हाने साध्या प्रकारचा काळा रंग फिकट पडतो, काही वेळा वर पांढुरकी भुकटीही येते. हा दोष बहुतांशी वरवरचा असतो. रंग टिकवणारा प्रकार मिळतो, पण तो महाग असतो. केवळ दिसण्यासाठी तो खर्च करण्याची शेतकऱ्यास गरज नाही.

ब्रशने किंवा रोलरने लावायचे डबेही मिळतात. ते किरकोळ कामाला ठीक आहेत, पण त्यांचा थर पातळ बसतो.

जाडीचा हिशेब स्वतः करा

हौदा ८ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि सव्वा फूट उंच धरू. तळ ४४ चौरस फूट झाला. चारही बाजू मिळून सुमारे ३४ चौरस फूट. एकूण ७८ चौरस फूट, म्हणजे सव्वासात चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थरासाठी एक लिटर द्रव्य लागते. जड कामासाठी ३ मिलिमीटर थर धरला तर सुमारे २२ लिटर द्रव्य पत्र्यावर बसले पाहिजे. त्याचे वजन २२ ते २४ किलो भरेल. उलट, ४ लिटरच्या डब्यातील अर्धे द्रव्य वाळताना उडून गेले, तर उरलेल्या २ लिटरचा थर पाव मिलिमीटरहून थोडाच जास्त होईल. दोन्ही ठिकाणी तोंडी ‘जाड थर देतो’ असेच सांगतात. म्हणून किती मिलिमीटर आणि किती लिटर हे पावतीवर लिहून घ्या.

पूर्वतयारी हेच खरे काम

जमीन चोपल्याशिवाय सारवण टिकत नाही, हे घरातील बायाबापड्यांना सांगावे लागत नाही. अस्तराचेही तसेच आहे. माझ्या धाकट्या भावाने जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीपूर्वी काम उरकावे म्हणून, गाडीला अस्तर करून घेतले. पत्रा वरून पुसला होता, पण सांध्यांत ओल होती आणि कोपऱ्यातील गंज तसाच होता. दिवाळीपर्यंत वरून सर्व छान दिसत होते. पुढे एका कोपऱ्यात फुगवटा आला. तो कापून पाहिला तेव्हा खालच्या पत्र्यातून बोट आरपार गेले. उघडा गंज निदान डोळ्यांना दिसतो. झाकलेला गंज दिसत नाही. त्या वेळी भावाने माझा सल्ला विचारला होता आणि ‘करून टाक’ असे मीच म्हटले होते. म्हणून आज हे आवर्जून सांगतो आहे.

पुढील क्रम पाळावा.

१. कड्या, अँगल, हूक यांचे वेल्डिंग आधीच करून घ्यावे. नंतर वेल्डिंग केल्यास अस्तर जळते आणि विषारी धूर निघतो.

२. हौदा साबणाच्या पाण्याने धुऊन तेल-ग्रीस पूर्ण काढावे. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा.

३. गंज खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत साफ करावा. भोके असल्यास नवा तुकडा जोडावा. अस्तराने भोक बुजवू नये.

४. चांगल्या रंगावरही पॉलिश पेपर मारून तकाकी घालवावी. गुळगुळीत रंगावर अस्तर धरत नाही.

५. उघड्या पत्र्यावर अस्तराच्या उत्पादकाने सांगितलेला प्रायमरच लावावा. साधा रेड ऑक्साइड त्याऐवजी चालेल असे गृहीत धरू नये.

६. पाणी जाण्याची भोके आणि फाळक्याच्या बिजागऱ्या झाकून ठेवाव्यात. काम झाल्यावर भोके मोकळी आहेत ना, ते पाणी ओतून पाहावे.

या कामास दिवाळीनंतरचा कोरडा काळ योग्य. थंडीत आपल्याकडे सकाळी दहिवर पडते, तेव्हा पत्रा उन्हाने तापल्यावरच काम सुरू करावे. जून ते सप्टेंबर काम टाळावे.

दुकानात काय विचारावे?

हे काम यंत्रानेच होत असल्याने मोठ्या शहरात जावे लागेल. पैसे देण्यापूर्वी वर्षभरापूर्वी केलेली एखादी गाडी दाखवण्यास सांगा. तिच्या कडा आणि कोपरे पाहा, अस्तर सुटते ते तेथूनच. नाण्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर खाली पकड नाही. पत्र्याच्या एका तुकड्यावर नमुना फवारून घ्या. दोन दिवसांनी तो वाकवा, कडेला चाकू लावून सोलून पाहा. हमी लेखी घ्या आणि कड सुटल्यास दुरुस्ती कोण करणार, तेही लिहून घ्या.

दक्षता

फवारताना निघणारी वाफ फुफ्फुसांना घातक असून तिने कायमचा दमा जडू शकतो. साधा रुमाल उपयोगाचा नाही. कामाच्या वेळी मुलांसह सर्वांनी लांब राहावे. उत्पादकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत गाडी भरू नये.

अस्तर दिलेल्या हौद्यात कॅन ठेवून पेट्रोल भरू नये. प्लास्टिकच्या थरामुळे स्थिर वीज जमिनीत जात नाही आणि ठिणगी पडू शकते. कॅन खाली जमिनीवर ठेवूनच भरावा.

खरखरीत पृष्ठभागात खत आणि औषधे अडकून राहतात. प्रत्येक फेरीनंतर हौदा धुवावा. भात, नागली, वरई भरताना स्वच्छ ताडपत्री अंथरावी. कीटकनाशके आणि धान्य एकाच फेरीत नेऊ नये. काळे अस्तर उन्हात फार तापते, म्हणून मोगऱ्याच्या क्रेटखाली ओले गोणपाट टाकावे आणि वर सावली करावी.

शेवटी एकच सांगतो. सर्वांनीच अस्तर करावे असे मी म्हणत नाही. फक्त फुले-भाजी नेणाऱ्याने मॅट घ्यावी आणि ती उचलून पत्रा कोरडा ठेवावा. मुरूम, विटा, खत वाहणाऱ्याने जाड फवारणीचे अस्तर घ्यावे, पण कोरड्या पत्र्यावर आणि गंज काढूनच. दोन दिवसांची घाई केली तर दोन वर्षांचे हप्ते वाया जातात, हे आमच्या घराने अनुभवले आहे. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये.