वहिनीचे सात हजार कुठे अडकले?

आज विषय थोडा रुक्ष आहे, इन्कम टॅक्सचा. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपल्या राजुऱ्याकडे सास्ती, गोवरी, पोवनीला खाणी आहेत. जमीन गेली, मोबदला आला, तो बँकेत एफडीत ठेवला. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण एफडीच्या व्याजावर आहे. संबंध तिथूनच सुरू होतो.

आमच्या गटातल्या एका वहिनीची दहा लाखांची एफडी. 2024-25 मध्ये व्याज झालं सत्तर हजार. त्या वर्षी चाळीस हजारांच्या वर व्याज गेलं की बँक दहा टक्के टीडीएस कापायची (एप्रिल 2025 पासून ही मर्यादा पन्नास हजार आहे). सात हजार गेले. वहिनीचं एकूण उत्पन्न कर लागण्याइतकं नव्हतंच, म्हणजे पैसे परत मिळणार होते. त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. जुलैत एका दुकानातून भरलं. "झालं काकू," म्हणाला तो पोरगा. ऑक्टोबर आला, रब्बीच्या बियाण्याला पैसे हवे होते, खात्यात काही नाही.

मी पोर्टलवर पाहिलं. ई-व्हेरिफिकेशन बाकी! रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत ते आपलंच आहे अशी खात्री द्यावी लागते. ती दिली नाही तर भरलेलं धरत नाहीत. वहिनीच्या आधारला मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर होता, ओटीपी येणार कुठून? ओटीपी जमत नसेल तर कागदावर सही करून बंगळूरच्या केंद्राला पोस्टाने पाठवता येतो, हे कुणी सांगितलंच नाही. खरं तर जुलैतच मी विचारायला हवं होतं.

आधार केंद्रावर नंबर बदलला, मग व्हेरिफाय केलं. पण तीस दिवस उलटले की व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख. वेळेत भरलं असतं तर परताव्यावर एप्रिलपासून दर महिना अर्धा टक्का व्याज मिळालं असतं. सात हजारांवर महिन्याला पस्तीस रुपये. थोडे आहेत, पण आपलेच ना!

पुढे आणखी एक अडचण. खातं पोर्टलवर प्रमाणित नव्हतं. पॅनवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. अशी नावं जुळली नाहीत की परतावा अडकतो. मे 2025 मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. असं विलीनीकरण झालं की आयएफएससी बदलू शकतो, तोही पाहून घ्या. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय होतं आणि परतावा येतच नाही.

सगळं बरोबर असूनही उशीर होतो, कारण खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांमुळे तपासणी वाढली. जुलै 2025 मध्ये खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तशी पडताळणी केली. "जास्त रिफंड काढून देतो, टक्केवारी द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नोटीस तुमच्या नावावर येते, त्याच्या नाही.

आणि "रिफंड मंजूर, लिंक दाबा" असा मेसेज आला तर दाबू नका. खातं ओटीपी किंवा पिन मागत नाही. फसलात तर लगेच 1930 ला फोन लावा.

वहिनीचे पैसे डिसेंबरात आले. बियाणं तोवर उधारीत आणलं होतं. यंदा बँकेत एप्रिलमध्येच उत्पन्न करपात्र नसल्याचा फॉर्म भरून द्यायचा, म्हणजे टीडीएस कापलाच जाणार नाही, असं ठरलंय. ज्यांची एफडी आहे त्यांनी पुढच्या बैठकीला पॅन, आधार आणि पासबुक घेऊन या, आणि आधारला कोणता नंबर आहे तेही घरी विचारून या.