ब्राह्मी घ्यायची, पण कुठल्या पाण्यातली?

परीक्षा जवळ आल्या की घरोघरी ब्राह्मीची आठवण निघते. कुणी लेकराला रस पाजतं, कुणी तेल करून डोक्याला चोळतं. बचत गटात हे तेल विकायचा विचारही होतो. म्हणून आज दोन प्रश्न मनाशी पक्के करू या. रोप कुठलं? आणि पाणी कुठलं?

आधी रोप. आपल्याकडे दोन वेगळ्या रोपांना ब्राह्मी म्हणतात. एकाचं पान गोल, लांब देठाचं, कडेला कातरलेलं. ती मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. दुसरी जलब्राह्मी. तिची पानं नखाएवढी, जाडसर, बिनदेठाची, समोरासमोर जोडीनं येतात. दिसायला थोडी घोळभाजीसारखी. पण घोळीचं फूल पिवळं आणि चव आंबट. हिचं फूल पांढरं-जांभळट आणि चव कडू. ही चिखलात पसरते आणि पेरापेराला मुळं सोडते.

दोन्ही औषधी आहेत. चरकसंहितेत बुद्धी वाढवणाऱ्या चार रसायनांत मंडूकपर्णीचा रस आहे, आणि अपस्मारावर, म्हणजे फिट येण्यावर, ब्राह्मीघृत सांगितलं आहे. पण रोपं वेगळी आहेत. म्हणून तेल विकताना बाटलीवर कुठली ब्राह्मी ते स्पष्ट लिहा.

आता पाणी. जलब्राह्मी ओढ्याकाठी वाढते, तशीच गटाराच्या कडेलाही जोमानं वाढते. तिथली हिरवीगार पाहून हात पुढे जातो. पण थांबा! हे रोप पाण्यातलं शिसं, कॅडमियम, पारा असे विषारी धातू मुळांतून ओढून अंगात साठवतं. कारखान्याचं किंवा शहराचं सांडपाणी येतं तिथली ब्राह्मी औषध राहत नाही. धुतली तर वरचा चिखल जाईल, आतला धातू जाणार नाही. उकळूनही जाणार नाही. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूलाच सगळ्यात जास्त बाधतं. म्हणजे बुद्धीसाठी पाजायचं आणि बुद्धीचंच नुकसान करायचं!

यावर उपाय अगदी सोपा. ब्राह्मी घरीच लावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला बोटभर लांबीची, दोन-तीन पेरांची फांदी खोचायची. फुटकं घमेलं चालेल. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. माती कायम ओली हवी, पण वर पाणी साचू देऊ नका, नाहीतर डास होतील. मोरीच्या पाण्यावर आपण अळू वाढवतो, तसं हिला करू नका. हिचा रस कच्चा पितात, त्यामुळे पिण्याजोगंच पाणी घाला. साधारण तीन महिन्यांत कापणीला येते. बुडाशी चार बोटं ठेवून कापली की पुन्हा फुटते. वाळवायची ती सावलीत.

शेवटी, अपेक्षा किती ठेवायची? जलब्राह्मीच्या अर्कावर माणसांवर अभ्यास झाले आहेत. त्यांत लक्षात राहण्यात थोडा फरक दिसला, तोही साधारण बारा आठवडे रोज घेतल्यावर. परीक्षेच्या आदल्या रात्री रस पाजून काही होत नाही. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ, पोटात कळ, जुलाब होऊ शकतात. गरोदर बाई, लहान मूल, थायरॉईडच्या गोळ्या घेणारी बाई, यांना वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि एक गोष्ट गटात नक्की सांगा. घरात कुणाला फिट येत असेल, तर ब्राह्मी सुरू केली म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही. एकाएकी गोळी थांबली तर फिट वाढतात, जिवावर बेततं.

तर मैत्रिणींनो, या पावसाळ्यात प्रत्येकीच्या दारात एक घमेलं ब्राह्मीचं. फांद्या एकमेकींना द्या, विकत घ्यायची गरजच नाही. येते मी. नमस्कार.