आधी गिऱ्हाईक, मग पंच
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणे)



हा बघा डिझाईनचा पंच. ऑफिसात कागदाला भोक पाडतात ना, तसाच. फक्त भोकाऐवजी फूल, पान, फुलपाखरू पडतं.

पंच उलटा धरून कागद सरकवा, म्हणजे नक्षी नेमकी कुठे पडणार ते दिसतं. झेरॉक्सच्या कागदापेक्षा जरा जाड, १०० ते १५० जीएसएमचा कागद घ्या. पुठ्ठा घातला की पंच अडकतो. पतंगाचा पातळ कागद फाटतो, त्याच्याखाली साधा कागद धरून दोन्ही एकदम दाबा. धार बोथट झाली तर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची घडी घालून दहा-पंधरा वेळा पंच मारा. कापून पडलेली फुलं फेकू नका. मधोमध गोंदाचा ठिपका द्या, पाकळ्या किंचित वर उचला आणि पाकिटावर चिकटवा.

आता माझी एक चूक सांगते. मागच्या वर्षी एका गटाने अंतर्गत कर्ज काढून एकदम बारा पंच आणले. "घ्या" असं मीच म्हटलं होतं. विकणार कुठे, हे विचारलंच नाही. शुभेच्छा आता मोबाईलवर जातात. दिवाळीची कार्डं पेटीत राहिली, हप्ते मात्र भरावे लागले.

म्हणून यंदा कार्डं नकोत, आहेराची पाकिटं करू. लग्न, बारसं, वास्तुशांत, पाकीट लागतंच. आधी दहा नमुने करा, बाजाराच्या दिवशी दोन-तीन दुकानांत दाखवा, भाव विचारा.

आणि मजुरी धरा! समजा, एका पाकिटाला कागद-गोंद ३ रुपये. तासाला १० पाकिटं होतात आणि तासाची मजुरी ५० रुपये धरली, तर पाकिटामागे ५ रुपये. म्हणजे खर्चच ८ रुपये. दुकानदार ७ रुपयांना मागत असेल तर सरळ नाही म्हणा. "घरी बसूनच तर करतो" म्हणून आपला वेळ फुकट धरायचा नाही.

नवा पंच कुणीही लगेच घेऊ नका. त्या गटाचे बारा पंच पडून आहेत आणि ते भाड्याने द्यायला तयार आहेत. त्यांचे दोन पैसे सुटतील, तुमचं कर्ज वाचेल.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने दहा पाकिटं आणि दुकानदाराने सांगितलेला भाव वहीत लिहून आणायचा. आणणार ना?