वेगाला थांबा हवा

(सुरगाणा येथील भाषणाचा संपादित अंश)



सुरगाणा तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. ज्या भागाने दारात आगगाडी पाहिली नाही, तेथे ताशी दोनशे किलोमीटर वेगाच्या गाड्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु देशातील प्रवासाची पुढील पन्नास वर्षांची रचना आज आखली जात आहे. आराखड्यात ज्यांची नोंद होत नाही, त्यांना पुढे दोन पिढ्या वाट पाहावी लागते. म्हणूनच या विषयाचा विचार सुरगाण्यात होणे अगत्याचे आहे.

शंभर वर्षांपूर्वीची दृष्टी

सुरगाण्याच्या शेजारी, डांगच्या सीमेपलीकडे वघई हे गाव आहे. बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे १९१३च्या सुमारास बडोदा संस्थानाने सुरू केली. डांगच्या जंगलातील लाकूड मुख्य मार्गापर्यंत आणणे हा तिचा मुख्य हेतू होता. त्या वेळी बडोद्याच्या गादीवर असलेले महाराजा सयाजीराव गायकवाड हे मूळचे याच नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती छोटी गाडी आजही सुमारे तीन तासांत हे अंतर कापते. कोरोनाच्या काळात ती थांबली आणि कायमचीच बंद होण्याची चिन्हे दिसू लागली. परंतु लोकांचा आग्रह कामी आला आणि सप्टेंबर २०२१मध्ये ती पुन्हा धावू लागली. संस्थानाने डोंगराच्या पायथ्यापर्यंत रूळ नेले. स्वातंत्र्यानंतर ते घाट चढून सुरगाण्यापर्यंत आले नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

मधल्या पल्ल्याचा प्रवास

साधारण पन्नास ते अडीचशे किलोमीटरचा प्रवास हा सामान्य कुटुंबाचा खरा प्रवास असतो. महाविद्यालय, मोठे रुग्णालय, न्यायालय, नोकरी, बाजारपेठ ही सारी याच अंतरात असतात. या पल्ल्याला विमान निरुपयोगी आणि मोटार महाग. उरते ती एस.टी. किंवा रेल्वे. दोनशे किलोमीटर अंतर ताशी पन्नासच्या सरासरीने चार तासांचे होते, ताशी १६०च्या सरासरीने सव्वा तासाचे. सकाळी जाऊन, काम उरकून, संध्याकाळी घरी जेवायला परतता येईल की शहरात खोली भाड्याने घ्यावी लागेल, हे या फरकावर ठरते. कुटुंब एकत्र राहण्याशी रेल्वेच्या वेगाचा असा थेट संबंध आहे.

नाशिककरांना याचा अनुभव आहे. पंचवटी एक्सप्रेसने नाशिकच्या हजारो नोकरदारांना मुंबईत स्थलांतर न करता मुंबईत नोकरी करणे शक्य केले. मात्र कसारा-इगतपुरी घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तेथे सामान्य गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत हा घाट जादा इंजिनाविना चढते. पण रूळ जुनेच असल्याने गाडी कितीही आधुनिक असली तरी वेगाला मर्यादा राहतेच.

नाशिक आणि पुणे ही दोन मोठी औद्योगिक शहरे. त्यांच्यामध्ये आजही थेट जवळचा रेल्वेमार्ग नाही. गाडी वळसा घालून जाते. सुमारे २३५ किलोमीटरचा, ताशी दोनशे किलोमीटर वेगाचा आणि पावणेदोन तासांत पुण्याला पोहोचवणारा मार्ग आखला गेला. तो सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा जाणार होता. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे तिच्या निरीक्षणात व्यत्यय येईल, अशी शास्त्रज्ञांची हरकत आली. २०२५च्या अखेरीस रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत हा मार्ग शक्य नसल्याचे सांगून शिर्डीमार्गे पर्याय मांडला. विज्ञानसंस्थेचे रक्षण झालेच पाहिजे. पण संगमनेर, जुन्नर, खेडच्या लोकांचा संतापही समजून घेण्यासारखा आहे. रेषा जरा सरकली की एका तालुक्याचे भवितव्य सरकते.

थांबणारी गाडी आणि पळणारी गाडी

गाडी जितकी जास्त ठिकाणी थांबेल तितका तिचा वेग कमी होणार, हे खरेच. मग लहान गावांनी वेगाचा त्याग करायचा का? जगाने याचे उत्तर शोधले आहे. जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्ग सुरू झाला, तेव्हापासूनच त्याच रुळांवर मोजक्या ठिकाणी थांबणारी ‘हिकारी’ आणि प्रत्येक स्थानकावर थांबणारी ‘कोदामा’ अशा दोन गाड्या धावू लागल्या. आपल्या देशात ८२ किलोमीटरच्या दिल्ली-मेरठ मार्गावर ऑक्टोबर २०२३पासून टप्प्याटप्प्याने ‘नमो भारत’ गाडी सुरू झाली. तिचा प्रत्यक्ष वेग ताशी १६०पर्यंत आहे. मेरठ शहरातील स्थानिक मेट्रोही त्याच रुळांवर चालावी, अशी त्या मार्गाची रचना आहे. एक मार्ग, दोन प्रकारच्या गाड्या, हे सूत्र महाराष्ट्रातील प्रत्येक नव्या मार्गाला लागू व्हावयास हवे.

सुरगाण्याला काय हवे?

मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या अतिवेगवान मार्गावर बारा स्थानके आहेत. त्यांपैकी एक बिलिमोऱ्याजवळ केसली येथे उभे राहत आहे. सुरगाण्याच्या उत्तर व पश्चिम भागाला हे स्थानक सोयीचे ठरू शकते. परंतु ते जुन्या बिलिमोरा स्थानकापासून काही किलोमीटर दूर आहे. तेथून वघईची छोटी गाडी आणि वघईहून सुरगाणा, बोरगाव, उंबरठाणकडे येणारी बस यांची वेळ जुळली नाही, तर ताशी ३२० किलोमीटर वेगाने वाचवलेला तास फलाटावर बसून खर्च होईल. दुसऱ्या बाजूला नाशिक सुमारे ९० किलोमीटरवर आहे आणि वाट घाटाची आहे. नाशिकरोडच्या गाड्यांशी वेळ जुळणारी सुरगाणा-नाशिकरोड बस ही नव्या रुळांच्या कितीतरी आधी शक्य असलेली गोष्ट आहे.

याची निकड केवळ सोयीपुरती नाही. भाताची कापणी आटोपली की तालुक्यातील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीसाठी जातात. मुलांची शाळा सुटते. बोरगाव परिसरातील स्ट्रॉबेरी नाजूक माल आहे. तो वेळेत शहरात गेला नाही तर रस्त्याच्या कडेला पडेल त्या भावाने विकावा लागतो. २०२२च्या अखेरीस सीमेवरील काही गावांच्या ग्रामस्थांनी सोयींअभावी गुजरातमध्ये सामील होऊ द्या, असे निवेदन तहसीलदारांना दिले. ते निवेदन महाराष्ट्राच्या द्वेषातून आलेले नव्हते. रुग्णाला धरमपूर-वलसाडला नेणे नाशिकपेक्षा सोपे पडते, या रोजच्या अनुभवातून ते आले होते. समाज एकसंध राहावा असे वाटणाऱ्या प्रत्येकाने त्या निवेदनाचा अर्थ ओळखावा.

जमिनीचा प्रश्नही येथेच येतो. सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथे १९९६चा पेसा कायदा आणि २०१३चा भूसंपादन कायदा ग्रामसभेला महत्त्वाचे स्थान देतात. उद्या एखादा मार्ग या डोंगरांतून गेला, तर मोबदल्याबरोबर थांबा, भुयारी वाट आणि स्थानकापर्यंतचा रस्ता यांचा उल्लेख ग्रामसभेच्या ठरावात आधीच असला पाहिजे. जमीन वनवासी बांधवाने द्यावी आणि गाडी मात्र त्याच्या शेतावरून शिट्टी वाजवत निघून जावी, हा न्याय नव्हे.

कार्यकर्त्यांसमोरील काम स्पष्ट आहे. गावागावांतून कोण, कोठे, कशासाठी आणि किती वेळा प्रवास करतो याची नोंद करावी. ती नोंद घेऊन परिवहन महामंडळ आणि रेल्वे यांच्याकडे वेळापत्रकाचा ठोस प्रस्ताव न्यावा. घोषणेपेक्षा अशा वहीला अधिकाऱ्याच्या टेबलावर अधिक वजन असते. सुरगाण्याची अशी वही पुढच्या पावसाळ्यापूर्वी तयार व्हावी, एवढीच अपेक्षा.